पावसाळ्यात मशीनखाली दोऱ्याचा गुंता : टेन्शनचा स्क्रू पिळण्याआधी हे बघा

जून लागला, पहिले चार मोठे पाऊस पडून गेले की ओळखीतल्या निम्म्या बायकांची शिलाई मशीनं एकाच दुखण्याने आजारी पडतात. वरून टीप बरी दिसते, मग मशीन एकदम घर्रर्र करतं, कापड पुढे सरकायचं थांबतं आणि उलटून बघावं तर खाली दोऱ्याच्या ह्या एवढ्या जटा. कात्रीने कापा, कापड सोडवा, परत दोरा ओवा, चार इंच नीट जातं आणि पुन्हा तेच. त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आलेली असते, मखराचे पडदे, पोरीचा परकर-पोलका, सासूबाईंचा ब्लाउज सगळं कापून तयार, आणि गावातला टेलर सांगतो की आता दिवाळीपर्यंत काही घेणार नाही. मग चिडून माणूस काय करतं, तर बारका स्क्रू ड्रायव्हर शोधून बॉबिन केसवरचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ बसते त्या डबीवरचा, दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू पिळत बसतं.

तो स्क्रू पिळू नका. दहातल्या नऊ वेळा दोष तिथे नसतोच, आणि एकदा का तो जागचा हलला की मूळचा दोष सापडला तरी टीप नीट बसत नाही, म्हणजे एका दुखण्याची दोन दुखणी.

गुंता खाली दिसतो म्हणून सगळ्यांना वाटतं की बिघाड बॉबिनमध्येच आहे. आमच्या शेजारच्या काकी तर दर पावसाळ्यात "अगो, बॉबिन बिघडली गो माझी" म्हणत नवीन बॉबिन केस आणतात. पण जरा हाताने चाक हळूहळू फिरवून, खालची सरकती पट्टी उघडून बघा काय होतं ते. सुई दोरा घेऊन खाली जाते, थोडीशी वर उचलते, तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा एक छोटासा फास तयार होतो, शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या लोखंडी तुकड्याचं, टोक तो फास पकडतं, अख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवून आणतं, आणि मग वर-खाली नाचणारा तो दांडा उरलेला सगळा दोरा वर ओढून घेतो. सुईचं नेढं टोकाशी असतं ते ह्यासाठीच, एलायस होव यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते अशाच टाक्याचं, आणि आजचं मोटरवालं मशीनही मुळात हेच करतं. आता विचार करा, वरचा दोरा नीट ओढलाच गेला नाही तर तो बॉबिनभोवतीचा एवढा मोठा फास जाणार कुठे? खालीच साठणार. म्हणजे खालच्या जटा वरच्या दोऱ्याच्या असतात. आधी वर बघायचं.

खात्री करायची असेल तर वर लाल दोरा लावा, बॉबिनला पांढरा, आणि एखाद्या जुन्या चादरीच्या दुहेरी तुकड्यावर वीतभर टीप मारा. उलट्या बाजूला लाल दोऱ्याचे फास आणि मधे पांढरा दोरा सरळ रेघेसारखा पडलेला दिसला तर वरचा दोरा ढिला आहे. उलट, वरच्या बाजूला पांढरे ठिपके वर आलेले दिसले तर वरचा जास्त आवळलाय किंवा बॉबिनचा ढिला पडलाय. एकाच रंगाचे दोरे लावून हे कळत नाही, तासभर डोळे फोडून घेतले तरी नाही. हा लाल-पांढरा तुकडा टाकून देऊ नका, पुढे लागणार आहे.

तर पहिलं काम, वरचा दोरा पूर्ण काढून टाका आणि नव्याने ओवा, आणि ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचललेला पाहिजे. हे एवढं महत्त्वाचं का, तर वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या असतात त्या फूट खाली असला की घट्ट मिटतात आणि वर असला की उघडतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मधे जातच नाही, नुसता वरच्या वर टेकून राहतो, बाहेरून बघितलं तर ओवलाय असंच वाटतं. पावसात दिवसभर अंधारून आलेलं, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात घाईघाईने ओवताना हे फार होतं. ओवून झालं की सुईजवळचा दोरा हातात धरून हळूच ओढा: फूट वर असताना तो सर्रकन यायला हवा, फूट खाली केल्यावर असा अडला पाहिजे की सुई जराशी वाकेल. दोन्ही वेळा सर्रकन आला तर दोरा चकत्यांत नाहीये किंवा चकत्यांमधे कचरा अडकलाय. दोन्ही वेळा अडला तर रिळाकडे बघा, बऱ्याचदा दोरा रिळाच्या कापलेल्या खाचेत किंवा खालच्या दांडीभोवती गुंडाळून बसलेला असतो. ह्या एका ओढण्यातच निम्म्या जणींचं काम होऊन जातं आणि पुढचं वाचायची गरज राहत नाही.

चकत्यांच्या बाजूला एक बारीक तारेची स्प्रिंग असते, दोरा तिच्यात अडकवून मग वर न्यायचा असतो, तीही बघा. आणि वरच्या नाचणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेलाय ना? ते भोक चुकलं तर दोन-तीन टाक्यांतच मशीन जाम होतं, म्हणजे जाम झालं आणि तेही एकदम लगेच, तर पहिला संशय त्याच्यावर.

चकत्यांमधला कचरा काढायला फूट वर करा, जुन्या मलमलचा बोटभर रुंद पट्टा घ्या आणि चकत्यांच्या मधून दोन्हीकडे धरून वर-खाली ओढा. समुद्राकाठच्या घरांत, म्हणजे कळंगुट, कोलवा, मोरजी ह्या बाजूला, चकत्यांच्या आतल्या अंगाला गंजाचे ठिपकेही पडतात कारण वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. पट्ट्यावर तांबूस डाग आला तर समजायचं. आम्ही फोंड्याकडचे समुद्रापासून आत, पण आमच्याकडे ओलच एवढी की मीठ नसलं तरी चालतं. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तो जवळजवळ सगळा ह्याच चार महिन्यांत, तेव्हा घरातल्या लोखंडाने कोरडं राहावं ही अपेक्षाच चुकीची.

आता सुई. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ह्याच्यावर कोणीच पैसे खर्च करायला तयार नसतं, लोक हजाराचं ब्लाउजपीस आणतील, अस्तर मॅचिंग आणतील, लेस आणतील आणि ते शिवणार गेल्या चवथीला घातलेल्या सुईने. साधारण आठ तासांची शिलाई झाली की सुई बदलावी असं सगळीकडे सांगतात, मी म्हणते निदान मोठं काम सुरू करताना तरी नवीन घाला. सुई मोडली नाही म्हणजे चांगली आहे असं नसतं. बोथट सुई कापडाला भोक पाडायच्या ऐवजी ढकलते, फास नीट तयार होत नाही, शटलचं टोक तो चुकवतं आणि टाका सुटतो. टाके सुटणं आणि खाली जटा होणं ही भावंडं आहेत, बऱ्याचदा एकत्रच येतात.

सुई तपासायची तर बाहेर काढून काचेवर किंवा मोबाईलच्या स्क्रीनवर चपटी बाजू खाली करून आडवी ठेवा, डोळा खाली आणून बघा, सुईच्या आणि काचेच्या मधली फट टोकापर्यंत सारखी हवी, कुठे कमी-जास्त झाली तर सुई वाकलीय. मग टोक नखावरून अलगद ओढा, ओरखडा उठला तर टोक दुमडलंय. आणि पावसाळ्यातली खास गोष्ट म्हणजे गंज. सुई मशीनला लावलेली तशीच महिनाभर राहिली की नेढ्याच्या आत गंज धरतो, बाहेरून चकचकीत दिसते पण दोरा त्या खरखरीत कडेवरून प्रत्येक टाक्याला पुढे-मागे घासला जातो, त्याचे तंतू सुटतात, सुईच्या वर बारीक कापूस जमतो आणि मग कट्! दोरा तुटला की रिळाला शिव्या. दोरा नेढ्यातून ओवून दोन्ही हातांनी चाळल्यासारखा पुढे-मागे करा, फाटल्यासारखा झाला तर सुई कचऱ्यात. गंज सॅण्डपेपरने घासून तीच सुई परत वापरणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांना साष्टांग नमस्कार, पण करू नका.

सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही किंवा एकाआड एक पडतो. नियम सोपा आहे, सुईला एका बाजूने लांब खाच असते, दोरा ओवायचा तो त्या खाचेच्या बाजूने, आणि वरची चपटी बाजू त्याच्या बरोबर उलट, शटलच्या टोकाकडे. समोरून ओवायच्या नवीन मशीनला चपटी बाजू मागे जाते, जुन्या काळ्या मशीनला बाजूने ओवतात तिथे चपटी बाजू आडवी येते, तेव्हा दुसरीच्या मशीनचं बघून आपल्या मशीनला घालू नका, आपल्या मशीनचं पुस्तक बघा. आणि सुई पूर्ण वर, टेकेपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळा, दोन केसांएवढी खाली राहिली तरी टाका सुटतो. बाजारात घ्यायला गेलात तर घरगुती मशीनची सुई म्हणून मागा, दांड्याची एक बाजू चपटी असते ती. फॅक्टरीच्या मशीनची सुई पूर्ण गोल दांड्याची असते, ती पुष्कळदा घरच्या मशीनमध्ये जाते खरी पण नीट बसत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुट्या सुया घेताना निदान एवढं तरी बघून घ्या.

नंबर कापडाप्रमाणे. जॉर्जेट, शिफॉन, पातळ अस्तर ह्यांना ९ किंवा ११. साधं कॉटन, ब्लाउजपीस, परकर ह्यांना १४. जीन्स, पडद्याचं जाड कापड, पिशव्या ह्यांना १६, फारच थर असतील तर १८. टी-शर्ट, लेगिंग्ज, होजिअरीचा गाऊन ह्यांना गोल टोकाची सुई लागते, बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच म्हणून मागा, साध्या सुईने होजिअरीवर टाके सुटले तर मशीनचा काही दोष नाही. गोव्याच्या कुणबी साडीला फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा फॅशनमध्ये आणल्यापासून त्या तांबड्या चौकड्यांच्या कापडाच्या पिशव्या, कुशन कव्हरं, जॅकेटं सगळीकडे दिसायला लागलीत, आणि मग घरीही शिवून बघावंसं वाटतंच. पण हातमागाच्या कापडात सूत कुठे जाड कुठे बारीक असतं, ११ नंबरच्या सुईने ती जाड सुतं आली की सुई बाजूला सरकते आणि तेवढाच टाका सुटतो. १४ घाला, टाका जरा मोठा ठेवा, आणि कापड आधी धुऊन आटवून घ्या नाहीतर पहिल्या धुण्यानंतर चौकड्या एका बाजूला आणि अस्तर एका बाजूला.

सुई नवीन, दोरा नव्याने ओवलेला, तरी जटा होतायत? मग साफसफाई. मोटर असेल तर प्लग काढा, नुसतं बटण बंद करून नाही. सुई काढा, फूट काढा, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवरची लोखंडी प्लेट दोन स्क्रू सोडवून उचला. आत बघितल्यावर बहुतेकजणी "शी!" म्हणतात. दात्यांच्या खाचांत दोऱ्याचे बारीक तंतू, कापडाची वस म्हणजे बारीक लव, तेल आणि पावसाळ्याची ओल मिळून एक राखाडी वडीच बसलेली असते, नमद्यासारखी घट्ट, बोटाने उचलली तर दात्यांचा आकार घेऊन अख्खीच्या अख्खी बाहेर येते. ही वडी असली की दाते पुरते वर येत नाहीत, कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी टाके पडत राहतात आणि खाली जटा. कोरड्या मऊ ब्रशने बाहेर काढा, जुना टूथब्रश चालतो, खाचांत अडकलेलं काढायला बांबूची काडी. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते आणि कचरा आणखी आत बसतो.

बॉबिन केस काढून शटलसुद्धा बाहेर काढता आलं तर काढा, बहुतेक जुन्या मशीनना दोन खटके बाजूला केले की कडं आणि शटल हातात येतं. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे परत बसवताना कुठलं तोंड कुठे हे कोणाला विचारत बसावं लागत नाही. शटलच्या टोकावर बोट फिरवा, ते गुळगुळीत हवं. तिथे खरखर लागली तर सुई कधीतरी आपटलीय. ज्या गोल खोबणीत शटल फिरतं तिथे दोऱ्याचा एखादा बारीक तुकडा अडकलेला असतो, दिसत नाही, चिमट्याने धरून ओढल्यावर चांगला वीतभर निघतो. मागच्या जटा कात्रीने कापल्या ना, त्यातलाच तो उरलेला. म्हणून गुंता झाल्यावर नुसतं वरून कापून परत सुरू करायचं नाही, खालचं सगळं काढून मगच.

तेल घालायचं ते मशीनचंच, पातळ, पाण्यासारखं दिसणारं. आमच्याकडे प्रत्येक घरात खोबरेल हाताशी असतं आणि कोणीतरी आजी कधीतरी दोन थेंब सोडतेच, वासही बरा येतो, पण कालांतराने त्याचा चिकट राप बसतो आणि त्यावर सगळी वस चिकटते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोबरेलाची बाटली थिजलेली आपण सगळेच बघतो, चोवीस अंशांच्या खाली गेलं की ते गोठायला लागतंच, मग तेच मशीनच्या सांध्यांत थिजल्यावर पायडल जड लागणार नाही तर काय. आधीच खोबरेल गेलं असेल तर कापडाचा बोळा थोड्या रॉकेलमध्ये बुडवून राप पुसून काढा, खिडकी उघडी ठेवून, चूल-गॅस-उदबत्ती लांब, रंगावर आणि सोनेरी नक्षीवर लावू नका, मग कोरडं पुसून मशीनचं तेल. प्रत्येक भोकात एकच थेंब, शटलच्या खोबणीत एक. नंतर फडक्यावर टीप मारत राहा, फडक्यावर डाग पडायचा थांबला की मगच पांढरं कापड घ्या. नवीन काही मशीनना, विशेषतः वरून बॉबिन टाकायच्या, तेल घालायचंच नसतं, तेव्हा पुस्तक बघून.

आता बॉबिनकडे येऊ, कारण कधीकधी काकींचंही बरोबर असतं. बॉबिन केसच्या बाहेरची जी पत्ती असते तिच्याखाली दोरा सरकवून बाहेर आणलाय का हे बघा, नुसता खाचेत ठेवला तर ताण शून्य. पत्तीखाली वस किंवा गंजाचा कण अडकला तरी ताण शून्य, तो टाचणीने खरवडू नका, पत्तीला चरा पडला की तो दोरा कायमचा कापत राहणार, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा आत सरकवून ओढून काढा. मग बॉबिन केस दोऱ्याने हवेत लटकवून हलकासा झटका द्या, इंच-दोन इंच खाली येऊन थांबली पाहिजे. धपकन जमिनीपर्यंत गेली तर ढिली, हललीच नाही तर फार घट्ट. आणि इथे, फक्त इथे, एवढं सगळं करून झाल्यावर, ढिली असेल तर तो बारका स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी किंचित आवळायचा, पाव फेराही नाही, आवळण्याआधी स्क्रूची खाच कुठे बघतेय त्याचा फोटो काढून. खाली पातेलं किंवा ताट धरा, तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि फरशीवर पडला की गेला.

बॉबिन भरताना दोरा सैल भरला गेला तरी टाका बिघडतो. बॉबिन भरायच्या चाकाला रबराची रिंग असते ती जुनी झाली किंवा तेलकट झाली की घसरते, बॉबिन एका बाजूला फुगलेली आणि दाबली तर मऊ लागते. अशी बॉबिन वापरू नका, उलगडून परत भरा, रिंग बदला, स्वस्त असते. आणखी एक, दिसायला सारख्या पण उंचीला किंचित वेगळ्या बॉबिन बाजारात मिळतात, एकाच डब्यात सगळ्या मिसळल्या जातात आणि मग आज नीट चाललं उद्या नाही असा खेळ होतो. आपल्या मशीनबरोबर आलेली मूळ बॉबिन जवळ ठेवून तिच्याशी उंची जुळवून बघा, गंजलेल्या कडेच्या सगळ्या फेकून द्या.

बॉबिन भरून झाल्यावर चाकाच्या मधला मोठा स्क्रू परत आवळायचा राहिला की चाक फिरतं पण सुई हलत नाही, ह्याच्यासाठी कोणी मेकॅनिक बोलावू नका.

दोऱ्याची परीक्षा हाताने. हातभर तोडून दोन्ही टोकांना धरून ताणा, चांगला दोरा झटका मारल्याशिवाय तुटत नाही, सडलेला नुसता ओढल्यावर पटकन सुटतो. आजीच्या डब्यातली लाकडी रिळं दिसायला फार सुंदर असतात, पण दमट डब्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या सुती दोऱ्याला बुरशी लागलेली असते, ती हातशिलाईला, गोधडीच्या धाव दोऱ्यालाही नको, शोभेला काचेच्या बरणीत ठेवा. खिडकीत उन्हात राहिलेली रिळंही तशीच. रोजच्या शिलाईला चांगला पॉलिस्टर दोरा घ्या, तो ओल धरत नाही. वर आणि खाली शक्यतो एकाच जातीचा.

टीप सुरू करायची पद्धतही बघा कारण बऱ्याच जटा पहिल्या तीन टाक्यांतच होतात. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची टोकं चार बोटं लांब मागे ओढून डाव्या हाताने धरून ठेवा, तीन-चार टाके पडेपर्यंत सोडू नका. कापडाच्या अगदी कडेपासून सुरू करू नका, पातळ कापड तर प्लेटच्या भोकात ओढलंच जातं, आधी एका चिंधीवर टीप सुरू करा आणि तशीच पुढे कापडावर न्या. जॉर्जेटखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवा, शिवून झाल्यावर फाडून टाका, पांढऱ्या कापडाला मात्र कोरा कागद, शाई लागते. आणि चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. पायाच्या मशीनवर नवीन शिकणाऱ्या मुलींचा पाय उलटा पडतो, चाक मागे जातं आणि एका झटक्यात गुंता. आधी हाताने चाक आपल्याकडे ढकलायचं आणि मग पाय लावायचा. जाड शिवणीवर चढताना, समजा जीन्सच्या बाजूच्या जोडावर, फूट पुढून वर उचलला जातो आणि टाके सुटतात, तेव्हा फुटाच्या मागच्या बाजूला त्याच कापडाची घडी ठेवून तो सपाट करा.

कापडही कोरडं पाहिजे हे सांगायला नको खरं, पण पावसाळ्यात दोरीवर तीन दिवस वाळत घातलेलं कापड हाताला कोरडं लागलं तरी आतून दमट असतं. शिवायच्या आधी इस्त्री फिरवा, वाफेची नको, कोरडी. मखराच्या सॅटिनला मंद इस्त्री.

पायाच्या मशीनचा चामड्याचा पट्टा दमट हवेत सैल पडतो. पायडल मारतो पण मशीन मागेपुढे अडखळतं, टाके एकसारखे पडत नाहीत, जाड कापडावर तर थांबतंच, आणि सगळे टेन्शनला दोष देतात. पट्टा बोटाने दाबून बघा, फारच झुलत असेल तर क्लिप काढून अर्धा-पाऊण इंच कापा, नवीन भोक पाडून परत जोडा. एकदम फार कापू नका, ऑक्टोबरचं ऊन पडलं की तोच पट्टा आवळतो.

पावसाळ्यात मशीनवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम येतो, जुन्या लुगड्याचं दुहेरी कव्हर शिवा. मशीन बाहेरच्या भिंतीला टेकून नको, त्या भिंतीला ओल असते. पूर्वी कपड्यांच्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून पिवळा बल्ब लावून ठेवायचे, आता घरात एलईडी, त्याला तेवढी ऊबच नाही, तेव्हा सुया, बॉबिन, कात्र्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात. महिनाभर शिवणार नसाल तर सुई काढून ठेवा, आणि आठवड्याला एकदा नुसतं चाक फिरवा.

मेकॅनिक कधी बोलवायचा? नवीन सुई, बरोबर नंबर, बरोबर बसवलेली, तरी साध्या कॉटनवर टाके सुटतायत, किंवा मधे कधीतरी टाचणीवरून सुई गेली आणि ठाक् असा आवाज आला आणि तेव्हापासून टाका पडत नाही, तर सुई आणि शटलची एकमेकांशी जुळणारी वेळ चुकलीय, ते घरी करायचं काम नाही. शटलच्या टोकाला खरखर असेल तरी त्यालाच दाखवा. त्याला नुसतं "मशीन बिघडलं" असं सांगू नका, नाहीतर टेन्शन फिरवून, तेल सोडून, दोन टिपा मारून पैसे घेऊन जातो. लाल-पांढऱ्या दोऱ्याचा तो तुकडा हातात द्या, कुठली सुई होती आणि कुठल्या कापडावर होतं ते सांगा, आणि तो निघायच्या आधी तुमच्याच दोऱ्याने, ज्याच्यावर बिघडत होतं त्याच कापडावर, त्याच्यासमोर तुम्ही स्वतः बसून हातभर टीप मारून बघा.